तेलाचा आकडा

फोन आला तेव्हा तो तेलाच्या टाकीपाशी उभा होता. टाकीतलं तेल किती तापलंय ते दाखवणारा काटा बघायला त्याने खिशातून चष्मा काढला होता, पण अजून लावला नव्हता. पलीकडून धाकट्या बहिणीचा आवाज आला, "दादा, वहिनी गेली."

"कुठे?" तो म्हणाला.

बहिणीचे हुंदके ऐकू आले आणि आपण काय विचारलं ते त्याला कळलं. त्याने फोन खिशात टाकला, चष्मा लावला, काटा बघितला आणि शेजारच्या माणसाला सांगितलं, तेल ठीक आहे, काम चालू ठेवा. मग तो दाराकडे निघाला, पण वाटेतच भट्टीशेजारच्या लाकडी खोक्यावर बसला. माणसं धावली, कुणी पाणी आणलं. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. सकाळी तीच म्हणाली होती, "इथे बसून माझ्या तोंडाकडे काय बघताय? जा, भट्टीवर एक चक्कर मारून या. तुम्ही नसलात की ते लोक तेल ढवळायला विसरतात." तिने हाकललं म्हणून तो आला होता. तिच्या आजारपणात आठवडेच्या आठवडे त्याने दवाखान्यातल्या स्टुलावर काढले, आणि नेमका त्या घटकेला तो तेल बघत होता.

आता या दोघांचं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

त्या कारखान्यात मोठमोठे शाफ्ट बनत. शाफ्ट म्हणजे माणसाच्या मांडीपेक्षा जाड आणि दोन पुरुष उंच असा पोलादी दांडा. तो भट्टीत लालभडक करायचा, क्रेनने उभाच्या उभा उचलून तेलाच्या टाकीवर आणायचा, बुडवायचा, आणि योग्य वेळी बाहेर काढून दुसऱ्या मंद भट्टीत ठेवायचा. तो या कामाचा फोरमन. टाकीच्या कठड्याशी तो हात वर करून उभा राही. शाफ्ट टाकीवर येऊन स्थिर झाला की हात खाली करी, आणि हात खाली गेला की वरच्या केबिनमधला क्रेनवाला शाफ्ट तेलात सोडी.

बायको त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये होती. ती खूप शिकलेली, हा कामावर शिकलेला. लग्न ठरलं तेव्हा लोकांनी भरपूर तोंडसुख घेतलं. मॅडमने नवरा थेट भट्टीतून उचलला, तेलात बुडवायचा राहिला, म्हणून असा मऊ, असं क्रेनवाला अजूनही म्हणे. या क्रेनवाल्याला सगळे टेहळ्या म्हणत, कारण उंचावर बसून त्याला अख्ख्या शेडमध्ये कोण काय करतंय ते दिसायचं आणि दिसलेलं त्याच्या पोटात राहत नसे.

पोलाद थंड होताना त्याच्या आत काय होतं, याचा कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम तिने लिहिला होता. त्यात तिची दहा-बारा वर्षं गेली. नवऱ्याला तिने एकदा जेवताना समजावलं होतं, की एखाद्या सभेचा हॉल सावकाश रिकामा झाला तर माणसं आपापल्या वस्तू शोधून, एकमेकांना वाट देऊन नीट बाहेर पडतात. पण कुणी आग आग ओरडलं तर दारातच चेंगरतात. पोलादाचंही तसंच. सावकाश थंड झालं तर आतले कण आपापल्या जागा शोधतात आणि ते मऊ राहतं. झटक्यात थंड केलं तर कण चेंगरून अडकतात, त्याला मार्टेन्साइट म्हणतात, आणि ते कडक होतं. शिवाय चेंगरताना ते जरासं फुगतं, आणि घात होतो तो या फुगण्याने. शाफ्टचा बाहेरचा थर आधी थंड होऊन कडक होतो. आतला गाभा मागाहून फुगतो. बाहेरचा थर तोवर गारठून काचेसारखा झाला असेल, तर तो तडकतो. म्हणून शाफ्ट तेलातून केव्हा काढायचा हे नेमकं कळायला हवं. लवकर काढला तर मऊ राहतो, उशिरा काढला तर फुटतो.

तिचा प्रोग्रॅम शाफ्टचे कांद्यासारखे थर कल्पून प्रत्येक थराचा क्षणाक्षणाचा हिशोब करी आणि भट्टीचं दार उघडल्यापासून किती वेळाने शाफ्ट तेलातून काढायचा ते सांगे. त्यात एक आकडा मात्र कुठल्याही पुस्तकात मिळणारा नव्हता. आपल्या टाकीतलं तेल पोलादातली उष्णता किती वेगाने ओढतं, तो हा आकडा. तो तिने चाचण्या करून काढला होता. पोलादाच्या जाड ठोकळ्याला भोकं पाडायची, आत तापमान मोजणाऱ्या तारा बसवायच्या, ठोकळा तापवून तेलात सोडायचा. तारांवरून स्क्रीनवर एक रेघ उमटे, प्रोग्रॅम हिशोबाने दुसरी रेघ काढी. दोन्ही रेघा एकमेकींवर बसेपर्यंत ती तेलाचा आकडा कमी-जास्त करी. या सगळ्या चाचण्या तिने नवऱ्याच्याच पाळीत केल्या. दुसऱ्या फोरमनला विनवण्या कशाला करायच्या, घरचा माणूस आहे, त्याला दटावता तरी येतं, असं तिचं म्हणणं. मोठे शाफ्टही त्याच्याच पाळीत होत. इतक्या वर्षांत तिच्या हिशोबाने काढलेला एकही शाफ्ट फुटला नव्हता.

ती गेल्यावर तो घरी होता. माणसं येत होती, चहा घेत होती, जात होती. टेहळ्या आला तो खुर्चीच्या कडेला बसून टोपी चुरगळत राहिला. इतका गप्प टेहळ्या त्याने कधी पाहिला नव्हता. शेवटी न राहवून तो बोललाच. थांबवून ठेवलेल्या मोठ्या शाफ्टचं काम आणखी लांबवता येईना, म्हणून दुसऱ्या पाळीच्या फोरमनने पहिला शाफ्ट बुडवला. मॅडमच्या प्रोग्रॅमने दिलेल्या वेळेलाच बाहेर काढला. मंद भट्टीत न्यायच्या आधी मांडणीवर ठेवला आणि थोड्या वेळाने टण् असा आवाज झाला. वरपासून खालपर्यंत चीर.

त्याला वाटलं, एकदा असं होऊ शकतं, पोलादच खराब असेल. पण दुसराही फुटला. मग तो फोरमन स्वतः भेटायला आला. बिचाऱ्याचा चेहरा पार पडला होता. मॅडमच्या हिशोबाबाहेर मी एक पाऊल टाकलं नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, आणि हेच ऐकवत नव्हतं.

कामावर गेला तेव्हा लॅबच्या साहेबांनी त्याला बसवून घेतलं. साहेब वयाने लहान, तिच्याच हाताखाली तयार झालेले. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. प्रोग्रॅमवरचा भरवसा उडाला आहे, वरून तयार प्रोग्रॅम विकत घ्या असा हुकूम आहे, आणि तो आला की मॅडमचा बंद होईल. सांगताना ते टेबलावरच्या काचेकडेच बघत होते.

"दुसऱ्याच्या हातून झालं ते," तो म्हणाला. "मी करून दाखवतो. मग ठरवा."

साहेबांना वाटलं असावं की दुःखात माणूस काहीही बोलतो. पण त्यांनी चाचणी द्यायचं कबूल केलं. शाफ्ट नाही, तारा बसवलेला ठोकळा. दोन्ही रेघा जुळल्या तर प्रोग्रॅम राहील, वरच्यांशी मी भांडेन, असं ते म्हणाले.

घरी त्याने बहिणीला हे सांगितलं. ती वहिनीच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "दादा, तू दमलायस रे. चार दिवस थांब की," ती म्हणाली. त्याने ऐकलं नाही. त्याच्या हातात आता एवढं एकच काम उरलं होतं. बायकोची बाकी कुठलीच गोष्ट त्याला राखता आली नव्हती. औषधं झाली, डॉक्टर झाले, सगळं दुसऱ्यांच्या हातात होतं आणि तो पिशवी धरून बाहेरच्या बाकावर बसलेला. ही तरी गोष्ट त्याच्या हातातली होती. तेल त्याचं, टाकी त्याची.

चाचणीच्या दिवशी त्याने तेल स्वतः ढवळलं. काटा दोनदा बघितला. भट्टीचं दार उघडलं, ठोकळा बाहेर आला, तांबड्या उजेडाने सगळ्यांचे चेहरे उजळले. त्याने हात वर केला. ठोकळा टाकीवर येऊन स्थिर झाला. त्याने हात खाली केला. तेल खळाळलं, धूर वर गेला. काही म्हणता काही चुकलं नाही.

साहेबांनी त्याला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. टाकीकडे खिडकी असलेली ही छोटी केबिन, इथेच ती बसायची. स्क्रीनवर दोन रेघा होत्या. हिशोबाची रेघ वर, तारांची रेघ खाली. पहिल्यापासून खाली, आणि शेवटपर्यंत खालीच. म्हणजे तेल तिच्या आकड्यापेक्षा कितीतरी वेगाने उष्णता ओढत होतं. शाफ्ट बाहेर काढायची वेळ येई तोवर त्याचा बाहेरचा थर पार गारठलेला असणार. तो फुटेल नाही तर काय?

त्याच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही, असं करत शेवटी साहेबांनी तो मागे घेतला.

दुपारी चहाच्या वेळी तो एकटाच बाकावर बसला होता. टेहळ्या दोन कप घेऊन शेजारी येऊन बसला.

"आज लई घाई केलीस," तो म्हणाला.

"घाई कसली? नेहमीसारखंच केलं."

"नेहमीसारखं? अरे, मी वर बसून तुझा हात बघत आलोय जन्मभर. माझं दुसरं काम काय? आज ठोकळा थांबला न थांबला तोच हात खाली. एरवी तू थांबायचास."

"कशाला थांबेन मी?"

टेहळ्याने कप खाली ठेवला. "खिडकीत बघायला. ती मान हलवायची, मग तुझा हात खाली यायचा. आम्ही हसायचो वर बसून. म्हणायचो, याला तेलात सोडायलासुद्धा बायकोची परवानगी लागते."

त्याच्या तोंडात चहा तसाच राहिला. मग हळूहळू सगळं आठवलं. अगदी पहिल्या चाचण्यांच्या वेळी तारांचं मोजमाप तिला हाताने सुरू करावं लागे. ते सुरू झालं की ती खिडकीतून मान हलवी आणि मग तो हात खाली करी. पुढे नवं यंत्र आलं, भट्टीचं दार उघडलं की मोजमाप आपोआप सुरू व्हायला लागलं. ठोकळा दारापासून टाकीपर्यंत यायला किती वेळ घेतो ते तिने एकदा मोजून प्रोग्रॅममध्ये घातलं आणि पोचला की बुडाला असं धरलं. मान हलवायची गरज संपली, पण दोघांची सवय राहिली. ठोकळा असो की शाफ्ट, तो बघायचा, ती मान हलवायची. कधी लगेच, कधी खाली मान घालून काही बघत असली तर जरा उशिराने. तेवढा वेळ लालभडक ठोकळा हवेतच लटकायचा आणि थोडा निवायचा, म्हणजे तेलाला दर वेळी आयतं निवलेलं पोलाद मिळायचं. आतल्या तारांची रेघ उशिरा खाली येई, आणि उशीर कशाचा हे तिला कळेना, तेव्हा तिने दोष तेलाला दिला. हे तेल मंद आहे, असं धरून तिने आकडा कमी केला. तेल मंद नव्हतं. मंद होता तिचा नवरा.

आपल्याला ही सवय आहे हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात नव्हतं. जोवर ती खिडकीत होती आणि तो टाकीवर होता, तोवर चुकीचा आकडा बरोबर उत्तर देत राहिला.

त्याला एकदम हसू आलं, आणि हसू आलं तसं हेही मनात आलं, की हे ऐकून सगळ्यात जास्त हसली असती ती. पदर खोचून पुन्हा पहिल्यापासून चाचण्या करायला बसली असती. "फोरमनसाहेब, माझी एवढी वर्षं तुम्ही तेलात घातलीत," असं काहीतरी म्हणाली असती आणि जेवायलाही उठली नसती. तिला सांगावी अशी इतकी चांगली गोष्ट त्याच्याकडे कधीच आली नव्हती. सांगायला माणूस नव्हतं.

तो तडक साहेबांकडे गेला. साहेबांनी सगळं ऐकलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडा उजेड दिसला. प्रोग्रॅम बरोबर आहे, फक्त आकडा चुकलाय, हे त्यांनी दोनदा म्हटलं. जुन्या चाचण्यांच्या सगळ्या रेघा आहेत. तुम्ही किती थांबायचात तेवढं सांगा, मी तेवढा वेळ हिशोबात घालतो आणि आकडा पुन्हा काढतो.

"ते कसं सांगू?" तो म्हणाला. "ती मान हलवेपर्यंत."

साहेबांनी प्रयत्न करायचे बाकी ठेवले नाहीत. थांबण्याचा वेळ अंदाजाने धरून पाहिला. पण वेळ थोडा जास्त धरला की तेलाचा आकडा एक येई, थोडा कमी धरला की दुसरा, आणि रेघ दोन्हींवर सारखीच नीट बसे. दोन गोष्टी माहीत नाहीत आणि रेघ एकच, काय करणार? वर प्रत्येक चाचणीत थांबणं वेगळं. शेवटी साहेब म्हणाले, तुम्ही पूर्वीसारखं करून दाखवा, मी घड्याळ लावतो. रोजचंच आहे, हात आपोआप थांबेल.

त्यालाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी नवा ठोकळा तापवला. साहेब केबिनमध्ये तिच्या खुर्चीत न बसता मुद्दाम कोपऱ्यात उभे राहिले. दार उघडलं, ठोकळा आला, टाकीवर स्थिर झाला. त्याने हात वर ठेवूनच खिडकीकडे बघितलं.

काचेमागे खुर्चीची पाठ दिसत होती. तिथून कुणी मान हलवणार नव्हतं. पुरे झालं, आता हात खाली आण, हे त्याला कळत होतं. हात येईना. ठोकळ्याचा तांबडा रंग मंदावून गर्द झाला, मग कडा काळपट पडायला लागल्या. वरून टेहळ्याने आधी हलकेच हाक मारली, मग मोठ्याने. तो तसाच उभा. शेवटी टेहळ्याने आपल्या मनाने ठोकळा मागे नेला आणि परत भट्टीपाशी टेकवला. कुणीही त्याची चेष्टा केली नाही. दुसऱ्या पाळीचा फोरमन आला, त्याचा वर राहिलेला हात त्याने धरून खाली केला आणि त्याला बाकावर नेऊन बसवलं.

घरी बहिणीने खोदून खोदून विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. तेलाचं तिला कितपत कळलं कोण जाणे.

"म्हणजे चूक कुणाची, दादा? वहिनीची की तुझी?"

"दोघांची मिळून," तो म्हणाला.

साहेबांनी वरच्यांशी भांडून एवढं मिळवलं, की विकत घेतलेला प्रोग्रॅम आला तरी मॅडमचा पुसायचा नाही. तो चालू राहण्यासाठी परवाच्या एका चाचणीवर भागणार नाही, बऱ्याच चाचण्या करून तेलाचा आकडा नव्याने मोजायला हवा, तोही दुसऱ्याच कुणाच्या हाताने, खिडकीकडे न बघणाऱ्या. त्याने स्वतःच सांगितलं, की ते काम दुसऱ्या पाळीच्या फोरमनला द्या. त्या फोरमनने मान्यही केलं. पण हातातलं काम संपू दे, मग बघू, असं चाललंय. तोवर मोठे शाफ्ट नव्या प्रोग्रॅमच्या वेळेने, म्हणजे विकणाऱ्यांनी स्वतः मोजून आत बंद केलेल्या आकड्याने, निघतात आणि फुटत नाहीत, त्यामुळे घाई कुणालाच नाही. तिचा नवरा अजून टाकीवर उभा राहतो. शाफ्ट स्थिर झाला की खाली तेलाकडे बघतो आणि हात खाली करतो.

तिच्या चाचण्यांसाठी ठोकळे भोकं पाडून तयार आहेत, तारासुद्धा आल्या आहेत. तेलाचा आकडा मोजायचा राहिला आहे.